हात रिकामे ठेवण्याचा तास

तीनशे बारा मुलं, सव्वीस प्रकारची प्रावीण्य पदकं आणि सहा दिवस. यातून वेळापत्रक काढायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पाहुण्याला त्याच्या आवडत्या माणसाशेजारी बसवायचं, नावडत्याला नजरेआड ठेवायचं, आणि वर सगळ्यांच्या पानात पोळी गरमच पडली पाहिजे. खिरवंडीच्या स्काऊट-गाईड उन्हाळी शिबिरात हे काम चोवीस वर्षं इंदुमती घरत करत आल्या होत्या, तेही एका पांढऱ्या डबल चादरीवर. उभे रकाने वर्गांचे, आडव्या ओळी तासांच्या, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर मुलांची नावं. चिमटा हलवला की मूल ‘प्रथमोपचारा’तून उठून ‘बिनभांड्याच्या स्वयंपाका’त जाई. उरणला गणित शिकवणाऱ्या घरतबाईंना कुठल्या दोन मुली एका वर्गात आल्या तर वर्ग बंद पडेल हे तोंडपाठ होतं. कुठल्या शिक्षकाला जेवणानंतरचा तास दिला तर मुलांआधी तोच झोपेल, हेही.

२०३९ सालच्या मे महिन्यात ती चादर घडी होऊन ट्रंकेत गेली, कारण ओजस वाळिंबे यंत्र घेऊन आला.

ओजस हा बाईंचाच जुना चिमटा. पंधरा वर्षांपूर्वी याच शिबिरात तो पोहण्याच्या तासाला ताप आल्याचं सांगून स्वयंपाकघरात शेंगदाणे खायचा. आता मेंदूच्या अभ्यासात डॉक्टरेट घेऊन आला होता. शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत त्याने फळा पुसला, घसा साफ केला आणि विचारलं, “बाई, दही कसं लावता?”

“कसं म्हणजे? विरजण घालायचं आणि झाकून ठेवायचं.”

“आणि तासाभराने ढवळलं तर?”

“तर तुझ्यासारखं होतं. ना दूध, ना दही.”

हसणं ओसरल्यावर त्याने सांगितलं ते असं. हाताने केलेली नवी गोष्ट माणूस शिकतो तेव्हा ती लगेच पक्की होत नाही. मेंदूतल्या पेशींचे नवे सांधे आधी ओले असतात. ते वाळायला काही तास लागतात, आणि मग रात्रीची झोप त्यांच्यावर शिक्का मारते. मधल्या वेळात तशाच जातीची दुसरी गोष्ट हातांनी केली तर पहिली विस्कटते. सकाळी गाठी शिकवून दुपारी टोपल्या विणायला बसवलं, तर मुलाला ना गाठ येते ना टोपली. दरवर्षी हेच व्हायचं आणि शिक्षक म्हणायचे, हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं.

“प्रत्येकाचा दही लागायचा वेळ वेगळा,” ओजस म्हणाला. “कुणाचा तीन तास, कुणाचा सात. ही कपाळपट्टी तो मोजते. कडेला दिवा आहे. हिरवा म्हणजे नीट लागतंय, पिवळा म्हणजे ढवळलं जातंय, लाल म्हणजे नासलं. यंत्र त्यावरून प्रत्येक मुलाचं वेगळं वेळापत्रक काढतं. चार सेकंदांत.”

“मला चार आठवडे लागायचे,” बाई म्हणाल्या. ही तक्रार होती की कौतुक, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळणं शक्य नव्हतं.

कंपनीने यंत्राला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. मुलांनी पहिल्याच संध्याकाळी त्याचं ‘विरजण’ करून टाकलं.

सोमवारी सगळं सुरळीत होतं. मंगळवारी सकाळी घोटाळा झाला, आणि तो जगात फक्त स्काऊट-गाईडच करू शकले असते.

यंत्रात एक बटण होतं: ‘माझी जागा दुसऱ्याला द्या’. परदेशातल्या शाळांत ते वर्षाकाठी चार-पाच वेळा दाबलं जात असे. पण इथल्या प्रत्येक मुलाला रोज एक सत्कृत्य करून ते डायरीत लिहावं लागतं. आजवर त्यासाठी शिक्षकांच्या बादल्या उचलायला रांग लागायची, चांगल्या चालत्या-बोलत्या आजोबांना जबरदस्तीने रस्ता ओलांडायला लावलं जायचं. आता मात्र अंथरुणात पडल्या-पडल्या एक बटण दाबलं की सत्कृत्य! नाश्त्याआधी तीनशे बारापैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी मुलांनी आपली जागा कुणाला तरी देऊन टाकली. ज्यांना ती मिळाली त्यांनी ती पुढे दिली. स्वयंपाकाच्या वर्गातली एक जागा चौदा जणांच्या हातून फिरून पुन्हा पहिल्याच मुलाकडे आली आणि चौदाही डायऱ्या भरल्या. नऊ वाजता पक्षीनिरीक्षणाला सत्त्याण्णव मुलं होती, त्यामुळे पक्षी नव्हते. प्रथमोपचाराला एकही नव्हतं. तिथले डॉक्टर स्वतःच्याच गुडघ्याला पट्टी बांधत बसले होते.

“बटण बंद कर,” घरतबाई म्हणाल्या.

“करतोय, बाई. पण बंद करायच्या आधी ते तीनदा विचारतं.”

तेवढ्यात तंबूच्या तोंडाशी एक उंच मुलगी येऊन उभी राहिली. जास्वंद संघाची संघनायिका, सगुणा ढेबे. डोंगरावरच्या धनगरवस्तीतली, आश्रमशाळेत शिकणारी. तिच्या संघात आठ मुली होत्या, म्हणजे कागदावर. चूल, पाणी, तंबूचे खुंटे, छोट्यांच्या वेण्या हे सगळं सगुणाच करायची. उरलेल्या सातजणी संघगीत फार छान म्हणत.

“बाई, माझ्या नावापुढं पायोनियर न्हाई आलं.”

पायोनियर म्हणजे दोर आणि काठ्यांनी पूल, मनोरे बांधायचं पदक. राज्य पुरस्कारासाठी सगुणाचं तेवढंच राहिलं होतं. पुरस्कार मिळाला तर वनविद्यालयाच्या वसतिगृहात तिची जागा पक्की होती. वनखात्यात रेंजर व्हायचं तिने सहावीतच ठरवलं होतं. आणि जूनमध्ये तिचं वय नियमाबाहेर जात होतं. हे शेवटचं शिबिर होतं, आणि शनिवारी परीक्षक येणार होते.

ओजसने पडद्यावर तिचं नाव काढलं. समोर लिहिलेलं होतं: शक्य नाही.

“हिचा वेळ अकरा तास आहे, बाई. अख्ख्या शिबिरात सगळ्यांत जास्त.”

“म्हंजी मी ढ?” सगुणाने विचारलं. आवाजात रडं नव्हतं. माहिती हवी होती.

“नाही गं. उलट. तू घरी काय काय करतेस हाताने?”

“दूध काढते. दोर वळते. म्हशीचं पाय बांधते, मोळी बांधते, घोंगडीची किनार...”

“तेच! तुझे हात आधीच भरलेले आहेत. नवी गाठ आत जाते तेव्हा जुन्या चाळीस गाठी दारात उभ्या असतात. म्हणून जागा व्हायला वेळ लागतो. आणि तेवढा वेळ तू हाताने काहीही केलंस, अगदी लसूण सोलला, तरी त्यातली कुठली ना कुठली जुनी गाठ जागी होते. तुला बांधण्या दोन शिकायच्या, चौकोनी आणि तिरपी. रोज एक. सकाळी सातला शिकायची आणि संध्याकाळी सहापर्यंत हात रिकामे. असं कुणाला जमतं? म्हणून यंत्राने ‘शक्य नाही’ म्हटलंय.”

घरतबाईंनी पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या यंत्राला वर्गांची वेळापत्रकं येतात. रिकामं बसण्याचं वेळापत्रक येतं का?”

“तसा पर्यायच नाही त्यात.”

“मग ट्रंक उघड.”

दुपारी चादर पुन्हा दोरीवर चढली. या खेपेला तिच्यावर एकच रकाना होता: ‘सगुणाचे हात’. अकरा तास, दहा-दहा मिनिटांचे सहासष्ट तुकडे. प्रत्येक तुकड्यात एक मूल तिचे हात व्हायचं. पाणी पाजणं, माशा वारणं, घास भरवणं, बुटाची नाडी बांधणं, नाक खाजवणं. काही कामं ज्याची त्यालाच करावी लागतात, त्यांना ओजसने सवलत दिली. खाली बाईंनी तांबड्या शाईत लिहिलं: ‘हे सत्कृत्य धरण्यात येईल.’

पाच मिनिटांत चिमटे संपले. सहासष्ट जागांना दोनशे दहा अर्ज! दुपारच्या नाक-खाजवणीच्या जागेवरून दोन संघांत तंटा झाला. कोल्हापूरच्या एका मुलाने आपण भरवण्यात घरी पटाईत असल्याचं सांगून धाकट्या बहिणीचा दाखलाच आणायची तयारी दाखवली.

बुधवारी सकाळी सातला सगुणा चौकोनी बांधणी शिकली आणि बांधाच्या दगडावर जाऊन बसली. कपाळपट्टीचा दिवा हिरवा. तो तिला स्वतःला दिसत नव्हता, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगायचा, “ताई, हिरवा!” दुपारपर्यंत ते चारेकशे वेळा सांगून झालं होतं.

कष्टाची सवय असलेल्या माणसाला रिकामं बसवणं ही शिक्षा असते, आणि ती शिक्षा होताना बघणं ही मौज. जास्वंद संघाची चूल धुमसत होती, भात करपत होता आणि सगुणा आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ओठ चावत होती. दोन वाजता, कुणाची पाळी आहे यावरून दोन मुलांचं वाजलं. तेवढ्यात दुर्वा लोखंडे, संघातली सगळ्यांत धाकटी, अकरा वर्षांची, सुटलेले केस घेऊन पुढ्यात येऊन बसली. सवयीने बसली. सगुणाने सवयीनेच तिचे केस हातात घेतले. तीन पेड, चार वळसे.

“ताई, लाल!” कुणीतरी ओरडलं.

सगुणाचे हात वेणीतच थांबले. दुर्वाने भोकाड पसरलं. ओजस धावत आला, पट्टी बघितली, मान हलवली. चौकोनी बांधणी गेली होती. परीक्षेत दोन्ही लागणार होत्या आणि दिवस उरले होते दोनच.

“रडू नगस,” सगुणा दुर्वाला म्हणाली. “अर्धी ऱ्हायलीय, पुरी करू दे. आता नासलंच हाय तर वेणी तरी हुदे.”

संध्याकाळी घरतबाईंनी जास्वंदच्या सातजणींना समोर उभं केलं. ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, “आज सगुणाने किती वेळा हात उचलायला बघितलं, कुणी मोजलं?”

कुणी मोजलं नव्हतं.

“एकेचाळीस. त्यातले अडतीस तुमच्या चुलीकडे.”

गुरुवारी जास्वंदची चूल पहाटे सगुणा उठायच्या आधी पेटली. भात गिच्च झाला, पण करपला नाही. दुर्वाने केसांना स्वतःच रबर लावलं; वेणी म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण केस जागेवर होते. सगुणा पाठ करून बसली, कारण बघितलं की हात शिवशिवायचे. सहा वाजता चौकोनी बांधणी लागली. अख्ख्या शिबिराने ताटं वाजवली.

शुक्रवारी तिरपी. ही अवघड. दोन काठ्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, आणि त्या सरकू नयेत म्हणून दोर दोन्ही तिरप्या अंगांनी गुंडाळून मधून आवळायचा. सातला शिकवून झाली. दहा वाजता हिरवा. एक वाजता हिरवा. चार वाजताही हिरवा! राहिले दोन तास. ओजस बोटं मोडत चादरीपुढे येरझाऱ्या घालत होता. डॉक्टरेटच्या वेळी इतका घाबरलो नव्हतो, असं तोच सांगत होता.

सव्वाचारला खालच्या शेतातून वावटळ उठली.

ती सरळ स्वयंपाकघराच्या मांडवावर आली. ताडपत्री फुगली, पुढच्या दोन तिरप्या टेकूंची बांधणी सटकली आणि मांडव एका अंगाला झुकला. खाली तीनशे माणसांच्या आमटीची दोन पातेली चुलीवर उकळत होती. आचारी बाजूला पळाले. जवळ होत्या जास्वंदच्या सात मुली, आणि वीस पावलांवर दगडावर सगुणा.

ती उठली. चार पावलं धावली. मग थांबली, दोन्ही हात काखेत कोंबले आणि ओरडली, “दुर्वा! टेकू धर! दोन्ही काठ्या फुलीवर आण!”

“बोलू नकोस!” मागून ओजस किंचाळला. “सगुणा, गाठीचं बोललीस की डोक्यात गाठ बांधली जाते! नुसतं मनात आणलं तरी ढवळतं! गप्प बस, बाकीचे येतायत!”

बाकीचे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते.

सगुणाने एकदा ओजसकडे बघितलं, एकदा पातेल्यांकडे. “दोर घे गं! म्हशीचं मागचं पाय बांधतो तसा दोन्ही काठ्यांना एकदम कवळ घाल! वढ! आता ह्या अंगानं तीन येढं... तीन, दोन न्हाई! आता दुसऱ्या अंगानं तीन! आता दोर काठ्यांच्या मधनं काढ आन् आवळ, जीव खाऊन आवळ!”

“ताई, पिवळा!” कुणीतरी कळवळलं.

“आसूदे पिवळा! दुसरा टेकू धरा!”

सातही मुली दोराला लोंबकळल्या. मांडव करकरला, डळमळला आणि उभा राहिला. वावटळ पुढे जाऊन शेजारच्या आमराईत शिरली. आमटीत थोडा पाचोळा पडला; रात्री सगळ्यांनी ती कोथिंबीर समजून खाल्ली.

सगुणा तेव्हाही काखेत हात घालूनच उभी होती.

शनिवारी सकाळी दिवा पिवळाच होता. ओजसने आकडे पुन्हा पुन्हा तपासले. “लागलंय की नाही, यंत्राला सांगता येत नाही, बाई. निम्मं-निम्मं.”

“मग आता कुणाला सांगता येईल?”

“ओढ्यावर कळेल.”

परीक्षक फडतरे सर नऊला आले. भारदस्त गृहस्थ, वजन शंभराच्या अलीकडे की पलीकडे यावर शिक्षकांत दोन तट होते. त्यांचा नियम साधा होता. कोरड्या ओढ्यावर बांबूंचा पूल बांधायचा, बांबू इतरांनी धरले तरी चालतील, पण प्रत्येक बांधणी उमेदवाराच्या हातची. मग सर स्वतः त्यावरून जाणार. पोचले तर उत्तीर्ण.

दोन्ही काठांवर तीनशे मुलं बसली होती. एवढ्या मुलांचा आवाज येत नसला तर काहीतरी गंभीर आहे असं समजावं.

चौकोनी बांधण्या सगुणाने अशा टाकल्या की बघणाऱ्यांच्या माना दोरामागे फिरत राहिल्या. आठही एकामागून एक. मग तिरपीची पाळी आली. तिने दोर घेतला, दोन बांबू फुलीवर आणले, आणि हात थांबले.

पाच सेकंद. दहा. दुर्वाने धरलेला बांबू खांद्यावर घेतला. काठावर ओजसने डोळे मिटून घेतले. सगुणाच्या बोटांनी दोर एका बाजूने घेतला, सोडला, दुसरीकडून घेतला. तिथे बहुधा त्या चाळीस जुन्या गाठी दारात गर्दी करून उभ्या होत्या.

मग ती पुटपुटली. आधी तोंडातल्या तोंडात, मग मोठ्याने. “म्हशीचं मागचं पाय. दोन्हीस्नी कवळ. वढ.” हातांनी कवळ घातला, ओढला. “ह्या अंगानं तीन.” हातांनी तीन वेढे टाकले. “दुसऱ्या अंगानं तीन.” ती स्वतःलाच हुकूम सोडत होती, कालच्याच आवाजात, आणि हात नव्या पोरीसारखे मुकाट्याने ऐकत होते. “मधनं काढ. आवळ. जीव खाऊन आवळ!” शेवटच्या शब्दाला काठावरची तीनशे मुलंही ओरडली.

ओजसने डोळे उघडले. “बाई,” तो हळूच म्हणाला, “काल दुर्वाला सांगताना ते ढवळलं गेलं नाही. हातांत नाही, दुसऱ्या भांड्यात लागलं. तोंडाच्या! आणि जुनी गाठ आड आली नाही, तिने नव्या गाठीला हात धरून आत नेलं!” तो कागद शोधायला लागला.

“लिही नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी फडतरेंकडे बघ.”

उरलेल्या तिरप्याही तशाच बांधून झाल्या होत्या आणि फडतरे सर पुलावर चढले होते. पहिल्या पावलाला बांबू वाकले. दुसऱ्याला कुरकुरले. मधोमध आल्यावर ते थांबले, इकडे-तिकडे बघितलं, आणि कुणाला वाटलंही नव्हतं असं त्यांनी केलं: उडी मारली. पूल खाली गेला, वर आला, आणि तिथेच राहिला.

सरांनी तिथेच उभं राहून सगुणाची परीक्षेची वही उघडली आणि खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. “अरे, पेन आहे का कुणाकडे?”

घरतबाईंच्या ते एका क्षणात ध्यानात आलं. “सर, उतरा! आधी उतरा!”

उशीर झाला होता. दोन्ही काठांवरून मुलं उठली होती. प्रत्येकाच्या हातात पेन होतं, डोक्यात आजचं सत्कृत्य होतं, आणि सरांपर्यंत पोचायचा रस्ता एकच होता. पाच पोरं डावीकडून, पाच उजवीकडून, दुर्वा सगळ्यांच्या पायांमधून. पूल हिंदकळला, बांबू किंचाळले, फडतरे सरांनी दोन मुलांच्या गळ्यातले स्कार्फ घट्ट धरले. काठावर सगुणा दोन्ही मुठी आवळून आपल्या तिरप्या बांधण्यांकडे एकटक बघत होती. एकही दोर सरकला नाही.

“अकरा,” बाईंनी मोजलं. “सरांना धरून बारा.”

“सही करतो!” फडतरे ओरडले. “करतो सही, आता तेराव्याला कुणीतरी धरा!”